नेव्हिलची लाल खूण

बुधवारी सकाळी पाणी पुन्हा चढलेलं होतं. टाकीच्या वरच्या काठाला काळी पट्टी आहे, तिच्याखाली दोन बोटांवर पाण्याची रेघ दिसायला हवी. ती दिसत नव्हती, म्हणजे पाणी पट्टीमागे शिरलं होतं. ग्लेनिस ट्रँटर चहाचा मग हातात घेऊन टाकीसमोर उभी राहिली आणि तिने नवऱ्याला एक सणसणीत शिवी हासडली. नेव्हिल मागच्या हिवाळ्यातच गेलेला, तेव्हा ती शिवी माशांना ऐकून घ्यावी लागली.

टाकी म्हणजे टेबलावरचं काचेचं भांडं नव्हे. बैठकीच्या खोलीची अख्खी एक भिंत तिने अडवली होती. आत खारं पाणी, पाच-सहा मासे आणि मधोमध नेव्हिलचं जांभळं प्रवाळ. नखाएवढा तुकडा आणून त्याने तो वाढवत वाढवत घमेल्याएवढा केला होता. टाउन्सव्हिल शहरातल्या प्रवाळवाल्यांच्या क्लबात त्याला 'ट्रँटरचं जांभळं' म्हणूनच ओळखत आणि ते नाव घेताना लोकांचा आवाज थोडा खाली यायचा. हॉस्पिटलात अगदी शेवटी नेव्हिल बायकोला म्हणाला होता, "जांभळ्याकडे बघ हं." बायकोकडे कोण बघणार, हे काही त्या गृहस्थाला सुचलं नाही. तिने 'हो' म्हटलं होतं आणि तो 'हो' आता तिच्या गळ्यात पडला होता.

दहाच्या सुमाराला अल्डो ब्रेसान आला. अल्डो नेव्हिलचा जुना दोस्त, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. नेव्हिल असताना तो दर बुधवारी यायचा आणि नेव्हिल गेल्यावरही येत राहिला. जणू बुधवारला कुणी ती बातमी सांगितलीच नव्हती. त्याने रबरी चपला व्हरांड्यात काढल्या, गुडघे करकरवत जमिनीवर बसला आणि टाकीखालचं कपाट उघडलं.

"पुन्हा तेच," तो म्हणाला.

कपाटात दुसरी, खालची टाकी होती. सगळी व्यवस्था नेव्हिलने स्वतःच्या हाताने जोडलेली. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात सांडवा. त्याच्यावरून सांडलेलं पाणी एका पाइपने खाली उतरायचं, खालच्या टाकीत गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर फेकायचा. उन्हाने पाणी उडून खालची पातळी उतरली, की एक लहानसा बॉलकॉक उघडून पिंपातलं गोडं पाणी आत सोडायचा. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून गोडं पाणी. उतरत्या पाइपवर एक व्हॉल्व्ह होता. त्याच्या चाकावर आणि पाइपवर नेव्हिलने ग्लेनिसच्याच लाल नेलपॉलिशने एकेक रेघ ओढली होती. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या, की सगळं जागच्या जागी. मग पाइप दिवसभर हलकं घरघरत राहायचा. नेव्हिल म्हणायचा, घरघरतंय तोवर जिवंत आहे. अडीअडचणीला असावा म्हणून दुसरा पाइप टाकायचं तो वीस वर्षं म्हणत होता. म्हणत होता एवढंच.

"अर्धा फेरा आवळलाय," अल्डो म्हणाला. "ये, बघ. रेघ कुठे, चाक कुठे."

"मग सोड की ढिला."

"तो सोडतोच. पण व्हॉल्व्ह आपोआप फिरत नाही, ग्लेनिस. पाइप आवळला, की वरचं पाणी खाली उतरायला मागत नाही. खालची टाकी रिकामी व्हायला लागते. बॉलकॉकला वाटतं, पाणी उडालं. तो बिचारा गोडं पाणी ओततो. म्हणजे सगळं मिळून पाणी जास्त आणि मीठ कमी. कळतंय ना?"

"मी शाळेत शिकवत होते, अल्डो."

"भूगोल शिकवत होतीस." त्याने चाक फिरवून रेघेला रेघ लावली. पाइप घरघरायला लागला. "याला हात कोण लावतं?"

"तूच लावतोस."

"माझ्याशिवाय?"

"माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय या घरात आहे कोण? डेमियनला तर हे कपाट कुठून उघडतं तेही ठाऊक नसेल."

अल्डोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग बादलीने जास्तीचं पाणी काढायला लागला. आणलेलं मीठ घालून त्याने हिशेब सारखा केला, दोन कप चहा घेतला, तिच्या आल्याच्या बिस्किटांना नेहमीप्रमाणे 'फरशीचे तुकडे' म्हणून नावं ठेवली आणि चार खाल्ली.

रविवारी डेमियन जेवायला आला. डेमियन तिचा एकुलता एक. चाळिशी ओलांडलेला, घटस्फोट झालेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. फुटीचा, म्हणजे तिथल्या फुटबॉलचा, मोसम सुरू झाला, की तो दर रविवारी आईकडे यायचा. आईचा टीव्ही त्याच्या टीव्हीपेक्षा मोठा होता. जेवला, की टाकीला लागून असलेल्या सोफ्यावर आडवा व्हायचा आणि सामना संपेपर्यंत तिथून हलायचा नाही.

"लँब झकास झालंय, आई. ग्रेव्ही जरा पातळ."

"तुझ्या बापाला पातळच लागायची."

"बाबाला काय, तू मिठाचं पाणी दिलं असतंस तरी चाललं असतं." त्याने बटाटा तोंडात टाकला. "हा म्हातारा येतो अजून?"

"अल्डो? येतो. पाणी परत चढलं होतं. म्हणाला, कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवतंय."

"कोण?"

"तेच तर. कोण?"

डेमियनने काटा खाली ठेवला. "आई, राग मानू नकोस. त्या कपाटात हात घालणारा माणूस एकच. दर आठवड्याला येतो, बिघडलं म्हणतो, दुरुस्त करतो. तू म्हणतेस, वा वा. गॅरेजवाले याच धंद्यावर बंगले बांधतात."

"तो एक पैसा घेत नाही."

"पैसा नकोच आहे त्याला. ते जांभळं बाबाने आणखी कुणाला दिलं होतं?"

क्लबात रीत होती: चांगलं प्रवाळ एकट्याच्या टाकीत ठेवायचं नाही. एक तुकडा तोडून भरवशाच्या माणसाला द्यायचा. आपलं मेलं, तर आपल्या टाकीचं पाणी बादलीत घेऊन त्याच्या दारी जायचं. त्याने पाणी तपासायचं आणि ते ठीक असेल तर तुकडा परत द्यायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. नेव्हिलने आयुष्यात एकच तुकडा दिला होता. तो अल्डोला.

"इथलं मेलं," डेमियन म्हणाला, "की शहरात एकट्या त्याच्याकडे. मग ट्रँटरचं जांभळं कसलं? ब्रेसानचं जांभळं. मी काही म्हणत नाही. तू विचार कर."

मग तो सोफ्यावर गेला आणि ग्लेनिस भांडी घासायला. तिने विचार केला नाही असं नाही.

मंगळवारी संध्याकाळी एक वटवाघूळ तारांवर चिकटून भाजलं आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. पंप थांबला. वर चढून बसलेलं पाणी हळूहळू उतरून खाली आलं आणि खालच्या टाकीत मावेना. वीज आली तेव्हा ग्लेनिसच्या पायांखाली बैठकीची खोली चपचपत होती. घर जुनं, लाकडी, खांबांवर उभं. फळ्यांच्या फटींतून खारं पाणी खाली गाडीवर ठिबकत होतं. तिने घरातले सगळे टॉवेल अंथरले आणि त्यांच्या मध्यात बसून रडून घेतलं.

बुधवारी अल्डोने टॉवेल पाहिले, कपाट उघडलं, चाक पाहिलं. मीठ मोजायची छोटी दुर्बीण काढून तिच्यात टाकीचा थेंब टाकला, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. प्रवाळाच्या फांद्यांची टोकं फिकी पडली होती.

"खारं पाणी जमिनीवर गेलं आणि त्याच्या जागी गोडं आलं," तो म्हणाला. "आणखी एक-दोनदा असं झालं, तर हे टिकायचं नाही."

"व्हॉल्व्ह?"

"अर्धा फेरा. परत." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "ग्लेनिस, एक करू या. हे चाक एका स्क्रूवर आहे. मी ते काढून ठेवतो. चाकच नसलं म्हणजे कुणाचा हात लागायचा प्रश्न नाही."

ग्लेनिसने कपबशी खाली ठेवली. तिच्या आईच्या शेवटच्या वर्षांत, आई दूध उकळायला ठेवून विसरू लागली, लेकीला मावशी म्हणू लागली, तेव्हा शेगडीची बटणं काढून घेतली होती ती ग्लेनिसनेच. अगदी असंच, गोड आवाजात, 'एक करू या' म्हणून. त्या दिवशी आई रिकाम्या शेगडीसमोर उभी राहून बोटांनी बटणांच्या जागा चाचपत होती. सत्तरी जवळ आल्यापासून ग्लेनिस याशिवाय दुसऱ्या कशालाही घाबरत नव्हती.

"म्हणजे मी फिरवते ते," ती म्हणाली. "फिरवते आणि विसरते."

"मी असं म्हटलं नाही."

"आईचं तुला सगळं ठाऊक आहे, म्हणून सुचलं तुला हे. म्हातारीला वेडी ठरवायची, चाक खिशात घालायचं, मग एक दिवस म्हणायचं, अरेरे, मेलं बघ नेव्हिलचं जांभळं. आणि क्लबात छाती काढून फिरायचं!"

"ग्लेनिस."

"दर बुधवारी कोण येतं? कपाटात हात कोण घालतं? तुझ्या टाकीत तुकडा कुणाचा आहे? मला काही कळत नाही असं वाटलं तुला?"

अल्डोचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. त्याने मात्र आवाज चढवला नाही. चाक फिरवून रेघेला रेघ लावली, बादलीत मीठ कालवून टाकीत घातलं, हात पुसले. घराची एक चावी त्याच्याकडे असायची, ती किल्ल्यांच्या जुडग्यातून काढून खिळ्याला अडकवली. दारात चपला घालताना म्हणाला, "पाण्याकडे बघू नकोस. पाणी उशिरा सांगतं. रेघेकडे बघ, सकाळ-संध्याकाळ." बिस्किटांची बशी तशीच राहिली.

ती रेघेकडे बघू लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दोन्ही रेघा नाकासमोर नाक. त्या रविवारी डेमियन मित्रांबरोबर मासेमारीला गेला होता, आलाच नाही. पुढचा बुधवार आला, कुणी चहाला आलं नाही, पण पाणी जागचं हललं नव्हतं. प्रवाळाच्या टोकांना पुन्हा रंग येत होता. ग्लेनिसने मुलाला फोन केला.

"बघ!" डेमियन म्हणाला. "म्हणालो नव्हतो? म्हातारा गेला आणि रोग गेला."

त्या दिवशी ती फार सुखात होती. अल्डोबद्दल जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं, असं तिने स्वतःला बजावलं. वाईट वाटत होतं ते जुन्या सवयीचं.

रविवारी डेमियन जेवून, सामना बघून, अंड्याच्या फेसाचा, मेरँगचा, उरलेला केक डब्यात घेऊन गेला. सोमवारी सकाळी पाणी काळ्या पट्टीच्या मागे होतं. ग्लेनिसने कपाट उघडलं. चाकावरची रेघ एकीकडे आणि पाइपवरची दुसरीकडे.

अल्डो नव्हता. चावी खिळ्यावर होती. म्हणजे घरात फक्त ती.

ती जमिनीवरच बसून राहिली. आज कोणता वार, महिना कोणता, डॉक्टर आईला विचारायचे ते सगळे प्रश्न तिने स्वतःला विचारले. उत्तरं बरोबर आली, पण आईचीही सुरुवातीला बरोबरच यायची. मग ती घाबरून चाक फिरवायला गेली आणि भीतीच्या भरात उलट्या बाजूला फिरवलं. पाइप जवळजवळ बंद झाला. वरून पाणी काठाबाहेर वाहू लागलं, तेव्हा तिने चाक सगळंच्या सगळं सोडलं. पाणी धडाडून खाली आलं आणि खालची टाकी उतू गेली. तिने पंप बंद केला, टॉवेल टाकले, रेघेला रेघ लावून पंप चालू केला. बॉलकॉक आपलं काम इमानेइतबारे करत होता. पिंपातलं सगळं गोडं पाणी त्याने टाकीत घातलं, पिंप कोरडं होईपर्यंत.

अल्डोला फोन करायला ती तीनदा उठली. काय सांगणार होती? मीच फिरवते आणि मीच विसरते, तू म्हणालास ते खरं? त्यापेक्षा फोन न करणं सोपं होतं. नेव्हिलची दुर्बीण खणात होती, पण तिच्यातलं वाचायचं कसं, हे तिने कधी शिकून घेतलं नव्हतं. आठवडाभरात जांभळ्याचं अंग सुटत गेलं. आधी टोकं, मग फांद्या, चिकट पदर पाण्यात तरंगू लागले आणि शनिवारपर्यंत टाकीच्या मधोमध पांढराफटक सांगाडा उरला. मासे मात्र सगळे जगले. मासे तिला कधीच आवडले नव्हते.

रविवारी डेमियनला तिने काही सांगितलं नाही आणि त्याने टाकीकडे बघितलं नाही. जेवण झालं, तो सोफ्यावर गेला. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये बशा सरकवायची खिडकी होती. ग्लेनिस पुसलेल्या बशा तिथे रचत होती, म्हणून तिला दिसलं. सामना सुरू झाला. डेमियनने कुशन डोक्याखाली घेतलं आणि टीव्हीवरची नजर न काढता पाय लांब करून अंगठ्याने कपाटाचं दार उघडलं. मग हात खाली सोडला, चाक चाचपलं आणि अर्धा फेरा आवळलं. पाइपची घरघर थांबली. हात पुन्हा पोटावर गेला.

"डेमियन," ती म्हणाली. "काय केलंस?"

"अं? काही नाही. घरघर बंद केली. समालोचन ऐकू येत नाही."

"आत्ताच केलीस?"

"नेहमीच करतो गं. पुढे टाक, पुढे टाक बॉल, गाढवा! अर्धा फेरा दिला, की गप्प होतं."

"केव्हापासून?"

"मोसम सुरू झाल्यापासून." आता त्याने मान वळवली. "का? एवढं काय झालं?"

तिने खिडकीतून टाकीकडे बोट दाखवलं. तो सांगाड्याकडे बघत राहिला. आधी ते पांढरंच होतं की काय, असं त्याच्या तोंडावर होतं.

"अर्ध्या फेऱ्याने?" तो म्हणाला. "काहीतरीच काय, आई. नळ आहे तो. म्हाताऱ्याने घातलं असेल तुझ्या डोक्यात."

"त्या म्हाताऱ्याला मी हाकलून दिलं. तुझ्या सांगण्यावरून."

"मी फक्त विचार कर म्हणालो. हाकललंस तू."

खरंच होतं ते. "आणि मला वाटत होतं, मीच फिरवते आणि मीच विसरते," ती म्हणाली.

"तू वेडी नाहीस, एवढं तरी कळलं की नाही?" डेमियन म्हणाला. पुन्हा आडवा झाला. "चांगलंच झालं एक प्रकारे. म्हाताऱ्याला एक फोन टाक, सॉरी म्हण. केक आहे का?"

केक होता. तिने तो कापून दिला. आपल्याच हाताला हे कसं जमलं, याचं तिला नंतर कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

फोन टाकून चालणार नव्हतं. रीत होती, बादली घेऊन जायची. ग्लेनिसने दुर्बीण वाचायला शिकून घेतली, मीठ कालवायला शिकून घेतलं, चुकली, पुन्हा केलं. रविवारी दुपारी डेमियन सोफ्यावर असला, की ती भांडी तशीच टाकून टाकीजवळ खुर्ची घेऊन बसायची. बरेच आठवडे गेले. पाणी सलग सारखं राहू लागलं, तेव्हा एका बुधवारी तिने बादली भरली, गाडीत पायांपाशी ठेवली आणि अल्डोच्या घरी गेली.

अल्डो मागच्या शेडमध्ये होता. त्याने तिला बघितलं, मग बादलीला. काही विचारलं नाही. बादलीतला थेंब दुर्बिणीत टाकला, उजेडाकडे धरली. ग्लेनिसला शाळेच्या परीक्षेतसुद्धा कधी इतकी धाकधूक झाली नव्हती.

"कुणी कालवलं?"

"मीच."

"बरंय," तो म्हणाला आणि आत गेला. टाकीतून खडा बाहेर काढला. त्याच्यावर अंगठ्याएवढं जांभळं प्रवाळ उभं होतं. त्याने ते तिच्याच बादलीत हळूच सोडलं.

"डेमियन होता तो," ती म्हणाली. "घरघर ऐकू येऊ नये म्हणून."

"ठाऊक होतं."

"काय?"

"पट्टीमागे मिठाची रेघ धरायची. जाड. दोन-तीन दिवस जुनी असायची. बुधवारातून दोन-तीन दिवस वजा कर." त्याने हात पुसले. "रविवारी तुझ्याकडे एकच माणूस येतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? नवरा गेलेल्या बाईला सांगू, तुझा एकुलता एक पोरगा टाकी मारतोय? चाक काढलं असतं, तर कुणाचं नावच घ्यावं लागलं नसतं."

शेडमधल्या टाक्या घरघरत होत्या. ग्लेनिसने त्याच्या दंडाला हात लावला. त्याने हात झटकला नाही, पण तो दंड लाकडाचा असावा तसा राहिला.

"माझं चुकलं, अल्डो. फार चुकलं."

"हो," तो म्हणाला.

"बुधवारी येशील ना? तुझे फरशीचे तुकडे करीन."

तो बादलीवर झाकण घालत होता. "चहा घरीच घेतो हल्ली. तुला आता सगळं जमतंय, माझी गरज नाही. नेव्हिलचं होतं ते नेव्हिलच्या घरी गेलं, माझं काम झालं." त्याने बादली गाडीत ठेवून दिली, सांडू नये म्हणून पायपुसण्याचा टेकू लावला आणि गाडी वळेपर्यंत उभंही न राहता शेडमध्ये निघून गेला.

घरी येऊन तिने खडा टाकीत ठेवला, जुन्या सांगाड्याच्या शेजारी. एवढ्या मोठ्या टाकीत ते कुणाच्या नजरेतही भरलं नसतं. मग ती जमिनीवर बसली, चाकाचा स्क्रू काढला आणि चाक अॅप्रनच्या खिशात टाकलं.

रविवारी लँब झालं, ग्रेव्ही दाट झाली, तिची स्तुती झाली. सामना सुरू झाला. आज तिने खुर्ची घेतली नाही, स्वयंपाकघरातच राहिली. खिडकीतून तिला दिसलं: पाय लांब झाला, अंगठ्याने दार उघडलं, हात खाली गेला. एवढं सगळं होऊनसुद्धा हात गेलाच. बोटं पाइपवर चाचपत राहिली, चाकाची जागा शोधत.

"आई, इथलं ते चाक कुठे गेलं?"

चाक तिच्या मुठीत होतं. माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार, असं म्हणायचं तिने आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. पण तिची नजर त्या चाचपणाऱ्या बोटांवर गेली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काढून ठेवलंय कुठेतरी," ती म्हणाली. "विसरले."

डेमियन उठून बसला. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच सामना चालू असताना त्याने टीव्हीकडे पाठ केली. तिच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. तो हसेल, चेष्टा करतेस का म्हणेल, तू आणि विसरणार, असं काहीतरी म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने एवढंही विचारलं नाही, की नीट आठवून बघ. उलट त्याचा चेहरा सैल झाला, बऱ्याच दिवसांचं ओझं उतरल्यासारखा.

"मी म्हणतच होतो," तो हळुवार आवाजात म्हणाला. "हे घर आता तुला झेपायचं नाही, आई. दवाखान्याला लागून ती एका खोलीची घरं आहेत ना, फार छान आहेत. नुसतं बघून येऊ. बघायला काय जातं? एक करू या, पुढच्या रविवारी..."

तो बोलत होता. तिच्या तळहातात चाकाची कड रुतली होती. पाइप घरघरत होता, म्हणून थोड्या वेळाने त्याने रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला.